नवख्यांना जामीन कोण?

मा. जिल्हाधिकारी, नाशिक जिल्हा, यांचे सेवेशी,



आपल्या दफ्तरात रोज रुजू होणाऱ्या अर्जांमध्ये सातबाऱ्यावरील वारसनोंदी, कालव्यांची आवर्तने, गारपिटीने झोडपलेल्या द्राक्षबागांचे पंचनामे आणि सिंहस्थाच्या जागांची मोजणी यांचीच दाटी असणार, आणि त्या दाटीत मॉडेल होऊ पाहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींची कैफियत घेऊन एखाद्या वयस्क नागरिकाने शिरावे हे प्रथमदर्शनी थिल्लरपणाचे वाटण्याचा संभव आहे, याची मला जाणीव आहे. तरीही हे पत्र जाहीरपणे, आणि अन्य कोणास न लिहिता आपणांसच लिहिण्याचे कारण असे की, या विषयातील एक लहानसा परंतु स्पष्ट कायदेशीर धागा शासनाने आपल्याच हाती दिलेला आहे; तो कोणता, हे ओघाने येईलच.

मॉडेलिंग म्हणजे मुंबईत अंधेरी-वर्सोव्याकडे चालणारा कसलासा श्रीमंती खेळ, अशी समजूत पूर्वी होती व ती सर्वस्वी चुकीचीही नव्हती. परंतु आज सराफ बाजारातील पेढीला दिवाळीच्या फलकासाठी, येवल्याच्या पैठणीवाल्याला लग्नसराईच्या छायाचित्रांसाठी आणि गंगापूर रोडवरील नव्या गृहसंकुलाला माहितीपत्रकासाठी चेहरे लागतात, आणि ते चेहरे पुष्कळदा याच शहरातील महाविद्यालयांतून येतात. 2004 साली मिस इंडिया वर्ल्ड हा किताब नाशिकच्या सायली भगत हिला मिळाला, तेव्हापासून तर ही वाट आपल्या गावातूनही निघते असा विश्वास येथील मुलींच्या मनात रुजला, आणि तो रुजण्यात वावगे काही नाही. चेहरा, उंची आणि चालण्याची ऐट ही ज्याला लाभली आहे त्याने तिच्यावर चार पैसे मिळवावेत, यात गळा लाभलेल्याने गाण्यावर मिळवण्याहून निराळे असे काय आहे, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही. प्रश्न व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा नसून, त्या व्यवसायाच्या दाराशी मध्यस्थ म्हणून जो उभा आहे त्याच्या सचोटीचा आहे.

या संदर्भात नाशिककराला दादासाहेब फाळक्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि 1944 साली याच शहरात देह ठेवलेल्या या पुरुषाने 1912 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी माणसे जमविण्याकरिता वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही योग्य स्त्री मिळेना, अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी ती भूमिका दिली, आणि तेथे मिळणाऱ्या दहा रुपयांऐवजी दरमहा पंधरा रुपये देऊ केले, अशी हकिगत सांगितली जाते. चित्रपटात काम करतो असे सांगण्याची लोकांना लाज वाटे, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असे सांगा, हा सल्लाही त्यांनीच आपल्या मंडळींना दिलेला होता. पुढे त्यांनी आपला संसार व कारखाना नाशिकला हलविला, आणि 1913 च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची जेमतेम तेरा-चौदा वर्षांची कन्या कमला या दोघी पडद्यावर आल्या, 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर बाळकृष्ण झाली ती फाळक्यांचीच चिमुरडी मंदाकिनी. त्या वेळी ना बालकलाकारांचा कायदा होता, ना करारनाम्याचा नमुना. परंतु एका मुलीच्या शेजारी तिची आई त्याच चित्रात पार्वती होऊन उभी होती आणि दुसरीचा बाप स्वतःच निर्माता होता, म्हणजे जामीनदार घरातलाच होता. आणि दुसरी गोष्ट, जी मला अधिक महत्त्वाची वाटते, ती अशी की, ज्या काळी या धंद्याला कोणी विचारीत नव्हते त्या काळीदेखील नवख्या माणसाने धंद्याला पैसे दिले नाहीत, तर धंद्याने नवख्या माणसाला दिले. पाच रुपये का होईनात, पूर्वीच्या नोकरीहून अधिक दिले.

आज हा ओघ नेमका उलटा वाहतो. माझे आयुष्य दिवाणी कचेरीत इतरांचे दस्तऐवज वाचण्यात गेलेले असल्यामुळे शेजारपाजारची मंडळी अजूनही कागद दाखवावयास आणतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांत खरेदीखते व भाडेकरार यांच्या जोडीला ‘टॅलेंट ॲग्रीमेंट’ नावाचा एक नवा प्रकार येऊ लागला आहे. आमच्या आळीतील एका मुलीने आणलेला असा एक कागद मी चष्मा पुसून दोनदा वाचला. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर इंग्रजीत टंकलेला तो मजकूर दिसावयास भारदस्त होता. मुलीच्या वडिलांना तर तो मुद्रांक पाहूनच सरकारने मागे हमी दिली आहे असे वाटले होते, आणि मुद्रांक हा केवळ शासनाला शुल्क पोचल्याचा पुरावा आहे, आतल्या मजकुराच्या खरेपणाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही, हे त्यांना पटविताना माझी पुरेवाट झाली. मजकुराचा गोषवारा असा: मुलीने पोर्टफोलिओ व ग्रूमिंग यांसाठी चाळीस हजार रुपये आगाऊ भरावयाचे, ते कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीत, तीन वर्षे तिने अन्य कोणामार्फत काम घ्यावयाचे नाही, आणि या सर्वांच्या मोबदल्यात संस्थेने काय करावयाचे, तर तिला काम मिळावे म्हणून ‘प्रयत्न’ करावयाचा. काम मिळेलच असे एका अक्षराने कोठे म्हटलेले नव्हते. ज्याने तो मसुदा तयार केला त्याला कायदा चांगला ठाऊक होता, एवढे मान्य करावयास हवे.

त्याच मुलीने अल्बमही दाखविला. जाड, काळ्या पुठ्ठ्याचा, वर सोनेरी अक्षरे. आत तिची दहा-बारा छायाचित्रे, त्यांपैकी तीन एका तांबड्या लांब झग्यात. झगा तिच्या अंगाचा नव्हताच. एका चित्रात ती किंचित वळलेली असल्यामुळे पाठीमागे तो घट्ट बसविण्यासाठी लावलेले कपडे वाळत घालण्याचे चिमटे स्पष्ट दिसत होते. पुढे तिच्या एका मैत्रिणीचाही अल्बम पाहण्याचा योग आला, तेव्हा तोच झगा, तीच मखमली खुर्ची आणि मागे तोच राखाडी पडदा पाहून मला खात्रीच पटली की, या संस्थेचा खरा व्यवसाय मुलींना ग्राहकांपुढे नेण्याचा नसून मुलींनाच ग्राहक करण्याचा आहे. संस्थेच्या भिंतीवर गुमास्ता परवाना चौकटीत लावलेला होता, असे वडिलांनी मोठ्या विश्वासाने सांगितले. आपणांस हे सांगणे नलगे की, 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या लहान आस्थापनेने केवळ ऑनलाइन सूचना द्यावयाची असते आणि तिची पोच म्हणून एक कागद हाती पडतो. किराणा दुकानदाराला मिळतो तोच हा कागद, त्यावरून मालक साव की चोर हे ठरत नाही. परंतु सामान्य माणसाला अशोकचिन्हाचा कागद चौकटीत दिसला की त्याची शंका तेथेच विरघळते.

ग्रूमिंगचे वर्ग चालविणे हा काही गुन्हा नव्हे, हे येथे न्यायाने नमूद करतो. चालावे कसे, कॅमेऱ्यापुढे उभे राहावे कसे, हे शिकविणारा शिक्षक शुल्क घेतो तसे त्यांनीही घ्यावे. मात्र दारावर ‘वर्ग’ अशी पाटी लावावी, ‘एजन्सी’ अशी नव्हे.

सचोटीचा मध्यस्थ कसा ओळखावा, याचे उत्तर त्या धंद्यात मुरलेली माणसे अगदी सरळ शब्दांत देतात. त्याला नवख्या मुलीचा सोनेरी अक्षरांचा अल्बम नको असतो; खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीपुढे, रंगरंगोटी न करता, घरच्याच फोनवर समोरून व बाजूने काढलेली चार छायाचित्रे आणि उंचीची खरी नोंद एवढे त्याला पुरते, कारण चेहरा चालण्याजोगा आहे की नाही हे त्यावरूनच कळते. चालण्याजोगा नसेल तर तो तसे सांगून मोकळा होतो. आणि हा स्पष्ट नकार, कितीही बोचला तरी, त्याच्या प्रामाणिकपणाचे पहिले चिन्ह समजावे, कारण ज्याची दोन वेळची भाकरी मुलीच्या कमाईवर अवलंबून आहे तो न चालणारा चेहरा जवळ ठेवीत नाही, आणि ज्याची भाकरी मुलीच्या बापाच्या खिशावर अवलंबून आहे तो कोणालाच नकार देत नाही. काम मिळाले की ग्राहकाकडून आलेल्या रकमेतून तो आपली दलाली, सामान्यतः पंचमांशाच्या आसपास, कापून घेतो व उरलेली रक्कम बँकेतून देतो. ती यावयास दोन-तीन महिने लागतात ही या धंद्यातील जुनी खोड आहे, तिला फसवणूक म्हणता येणार नाही. प्राप्तिकर कापला असेल तर त्याचा दाखला देतो. आणि छायाचित्र कोठे, किती काळ वापरले जाईल, हे लिहून देतो. ही शेवटची बाब नवखी मंडळी हमखास विसरतात, मग एका हंगामासाठी म्हणून काढलेले दागिन्यांचे छायाचित्र पुढे पाच वर्षे रस्त्यावरच्या फलकांवरून त्यांच्याकडे पाहून हसत राहते आणि त्याचा एक छदामही त्यांना मिळत नाही.

हे सर्व ज्ञान ज्याच्यापाशी असावयास हवे तो कोण, तर बारावीची परीक्षा देऊन सुट्टीत बसलेली एक मुलगी. माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. मध्यस्थाची पारख करण्याचा सगळा भार आपण त्या व्यवहारातील सर्वांत अननुभवी माणसावर टाकला आहे, आणि ज्याने आपली ओळख पटवावयास हवी त्याला काहीही पटवावे लागत नाही. परदेशी कामाला माणसे पाठविणाऱ्या दलालास 1983 च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि त्या कायद्याने चित्रपट, प्रदर्शने व करमणूक यांसाठी होणारी भरतीही आपल्या कक्षेत घेतलेली आहे. म्हणजे नाशिकच्या मुलीला दुबईस न्यावयाचे तर नोंदणी हवी, परंतु अंधेरीस न्यावयाचे असेल तर दलालाला कोणी हटकीत नाही, आणि ती बिचारी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन, दादरला गाडी बदलून, कोणत्या जिन्याने वर चढली याची नोंद या पृथ्वीतलावर कोठेही राहत नाही.

वयाचा हिशेब केला तर ही विसंगती अधिकच उघडी पडते. चौदा वर्षांखालील मुलास जाहिरातीत, चित्रपटात वा मालिकेत घ्यावयाचे असेल तर बालकामगारविषयक कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर, 2017 साली झालेल्या नियमांनुसार, ज्या जिल्ह्यात चित्रीकरण व्हावयाचे तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपली, अनुज्ञा घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्या नावे मुदत ठेव म्हणून ठेवावयाचा. नियम चांगला आहे. विचारपूर्वक केलेला आहे. परंतु मुलीला चौदा पूर्ण झाली की या छत्राखालून ती बाहेर पडते, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत तिची स्वतःची सही 1872 च्या करार कायद्याप्रमाणे निरर्थक असते. अल्पवयीनाचा करार हा मुळातच शून्यवत, हे तर 1903 साली मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगून ठेवले आहे. या चार वर्षांत, जेव्हा या धंद्याची ओढ सर्वांत तीव्र असते, तेव्हा एजन्सी बापाची सही घेते आणि मुलीकडून काम घेते. बाप कशाला बांधला गेला हे त्याला कळत नाही, आणि मुलीने कशाला नकार द्यावा हे तिला कोणी सांगितलेले नसते. अठरानंतरही स्थिती फारशी सुधारत नाही. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने दृक्श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत जाहिरातपटांचाही समावेश केला, हे स्वागतार्हच आहे. पण आपल्या नाशकात जे काम मुख्यत्वे मिळते ते फलकावरील स्थिरचित्राचे, आणि स्थिरचित्रात उभी राहणारी मुलगी ‘दृक्’ असली तरी ‘श्राव्य’ नसल्यामुळे तिच्याकडे कायद्याचे लक्ष गेलेले नाही.

आता फसवणूक झाल्यावर लोक फिर्याद का करीत नाहीत, हा प्रश्न आपण विचाराल, कारण आपल्यापर्यंत अशा तक्रारी क्वचितच येत असणार. त्याचे कारण पोलीस ठाण्यात शोधण्याची गरज नाही. ते आपल्या मध्यमवर्गीय घरांतच आहे. मुलगी रडत घरी आली की पहिला प्रश्न ‘पैसे कोणी घेतले?’ हा नसतो. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा असतो. या एका प्रश्नावर लबाडांच्या कित्येक कचेऱ्या सुखेनैव चालतात. त्यांना हे पक्के ठाऊक असते की, या घरातून चाळीस हजारांची वाच्यता बाहेर होणार नाही, कारण ती झाली तर उद्या स्थळे पाहताना अडचण येईल; आणि जेथे प्रकरण पैशांवर न थांबता अधिक गलिच्छ वळणाला लागते, ‘लूक टेस्ट’च्या नावाखाली नको ती छायाचित्रे मागितली जातात, तेथे तर हे मौन लबाडाचे अधिकच भक्कम संरक्षण होऊन बसते. मुलांची गत याहून वेगळी नाही. त्यांना तर तक्रार करणे हे पुरुषार्थाला कमीपणा आणणारे वाटते. ज्या घरांनी मुलीला सरळ ‘नाही’ म्हटले ती घरे सुरक्षित राहिली असेही मी म्हणणार नाही, कारण नकार मिळालेली मुलगी तीच गोष्ट चोरून करते, आणि चोरून करणाऱ्याची फसवणूक अधिक सोपी असते. दुर्गाबाईंनी मुलीला घरी कोंडले नाही. त्या स्वतः तिच्याबरोबर गेल्या.

म्हणून माझी विनंती अशी आहे. या धंद्याला परवाना देण्याचा अधिकार आपणांस नाही, हे मी जाणतो, आणि नव्या परवान्याने नवी चिरीमिरी तेवढी जन्मास येते हेही इतक्या वर्षांच्या कचेरीवासानंतर मला कोणी शिकवावयास नको. परंतु बालकलाकारांसाठी आपण जी अनुज्ञा देता तिची यादी, मुलांची नावे गाळून, केवळ निर्मात्या संस्थेचे नाव व चित्रीकरणाचे ठिकाण एवढ्यापुरती, दरमहा आपल्या कार्यालयाच्या फलकावर व संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास आपल्याला नवा कायदा लागणार नाही; कोणती संस्था कायदा पाळते हे त्यावरून पालकांना कळेल, आणि जी संस्था लहान मुलांचे चित्रीकरण करीत असूनही त्या यादीत नाही तिच्याविषयी आपणांसही कळेल. त्याचप्रमाणे, महानगरपालिकेची व महाविद्यालयांची सभागृहे ऑडिशन अथवा सौंदर्यस्पर्धा यांकरिता भाड्याने देताना आयोजकाचे खरे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि प्रवेशशुल्क घेतले जाते की नाही याचे लेखी निवेदन घ्यावे, व ते सभागृहाच्या दारावर लावावे, असे पत्र आपण आयुक्तांना व प्राचार्यांना पाठवू शकता. आपल्या पत्राला आदेशाचे बळ नसेल कदाचित. परंतु जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र बासनात गुंडाळून ठेवण्याचे धाडस या जिल्ह्यात सहसा कोणी करीत नाही. आणि तिसरी विनंती, जिला एक पैसाही खर्च नाही: चौदा ते अठरा या वयोगटाला बालकलाकारांच्या नियमांचे संरक्षण मिळावे, निदान मिळकतीचा अंश बँकेत ठेवण्यापुरते व कामाच्या तासांपुरते, अशी शिफारस आपल्या अभिप्रायासह शासनाकडे जावी. खालून गेलेल्या शिफारशींनीच पुष्कळदा नियम बदलतात. वरून आलेल्या सद्भावनेने ते बदलल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

हे पत्र खुले असल्यामुळे ज्यांच्यासाठी ते लिहिले त्या मुलामुलींच्याही दृष्टीस पडेल, म्हणून त्यांच्यापुरते दोन शब्द येथेच सांगतो, आपण ते क्षम्य मानावेत. पैसे भरून बसला असाल तर ‘परतावा नाही’ या पावतीवरच्या छापील ओळीने घाबरून जाऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही जेथे राहता तेथील जिल्हा आयोगापुढे, म्हणजे संस्था मुंबईची असली तरी नाशिकमध्येच, तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क पडत नाही. करार संपल्यानंतरही दुसरीकडे काम करावयाचे नाही, अशी अट कोणी घातली असेल तर ती करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमापुढे टिकत नाही. फोनवरून निवडीची बतावणी करून कोणी रक्कम उकळली असेल तर 1930 या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी ती गोठविली जाण्याची शक्यता अधिक. छायाचित्रांवरून कोणी धमकावीत असेल तर एक रुपयाही देऊ नका आणि एक दिवसही थांबू नका. अठराच्या आत असाल तर 1098 वर फोन करा. आणि पहिल्या भेटीला एकटे जाऊ नका. बरोबरच्या माणसाला जो आत येऊ देत नाही, त्याच्या दारातूनच परत फिरा. त्याने गमावण्याजोगे काही देऊ केलेलेच नसते.

महोदय, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत असतात, आणि ‘फ्रेश चेहरे हवेत’ अशी पत्रके घेऊन फिरणारी मंडळी त्याच सुमारास प्रवेशद्वारांशी उभी राहतात. त्यापूर्वी प्राचार्यांना आपले पत्र पोचावे, एवढी विनंती. अर्जाची रीतसर प्रत आपल्या आवक विभागात दाखल करीत आहे. तिच्यावर काय तजवीज झाली ते लेखी कळविण्याची कृपा व्हावी.



आपला,
नाशिक शहरातील एक रहिवासी